फ्लेक्सवरची फौजदारीण

गाडगेनगरातल्या ज्या क्लासमध्ये मी मराठी व्याकरण शिकवायचो, तिथं दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती. मी समास शिकवत असलो की पलीकडून गीतांजली मॅडमचा आवाज यायचा.

"एक गाव आहे. तिथली काही माणसं कायम खरं बोलतात, बाकीची कायम खोटं. पारावर दोघं बसलेत. पहिला म्हणतो, आम्ही दोघंही खोटारडे आहोत. सांगा, कोण कसा?"

मग पुन्हा तिचाच आवाज. "पहिला खरं बोलणारा असता तर स्वतःला खोटारडा म्हणाला असता का? नाही. म्हणजे तो खोटारडा. म्हणजे त्याचं वाक्य खोटं. म्हणजे दोघंही एकदम खोटारडे असू शकत नाहीत. मग दुसरा?"

"खरा," पोरी एका सुरात म्हणायच्या. तोवर माझा वर्गही समास सोडून तिकडं कान लावून बसलेला असायचा.

गीतांजली पातूरची. तिचे वडील सहदेव झेंडू, शेवंती आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात, माल अकोल्याच्या बाजारात नेतात. गणित घेऊन शिकायला ती अमरावतीत आली आणि पुढं फौजदाराच्या परीक्षेसाठी इथंच राहिली. लेखी निघायची, मुलाखतीनंतर यादीत नाव नसायचं. शेवटी क्लासचे मालक गोपाल सर यांनी तिला बुद्धिमत्ता चाचणी शिकवायला ठेवून घेतलं. खऱ्या-खोट्या माणसांची कोडी ती स्वतः रचायची. त्यात एसटीचा कंडक्टर असायचा, वांगी विकणारी बाई असायची, दोन विहिणी असायच्या. डबा खातानाही तिचं तेच चालायचं. मी एकदा विचारलं, हीच कोडी का एवढी आवडतात. म्हणाली, "सर, त्या गावातला खोटारडाही नेमाचा असतो. त्याच्या खोट्यावरून खरं काढता येतं. आपल्या इथं कोणावरून काय काढता?"

खोट्याची तिला अगदी अंगातून शिसारी होती. चालू घडामोडी शिकवणारे आमचे एक सर चहा पिता पिता बायकोला फोनवर सांगायचे, दवाखान्यात आहे म्हणून. गीतांजली डबा उचलून जिन्यात जाऊन बसायची. मला ते जरा जास्तच वाटायचं.

त्या वर्षी फौजदाराचा निकाल लागला तेव्हाच गोपाल सरांनी अकोल्यात नवी शाखा काढली. मनोज, म्हणजे गीतांजलीचा भाऊ, फुलं घेऊन अकोल्यात गेला होता. त्याचा फोन आला तेव्हा ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच बसली होती.

"ताई, तू लागली आन् सांगतलं बी नाही?"

"काय लागली?"

त्यानं फोटो पाठवला. चौकातल्या इमारतीवर दुमजली फ्लेक्स. वर गोपाल सर हात जोडून उभे, खाली निवड झालेल्यांच्या रांगा, आणि पहिल्याच रांगेत गीतांजली. फोटो क्लासच्या निरोप समारंभातला होता. अबोली साडी तशीच ठेवली होती, डोक्यावर मात्र फौजदाराची टोपी चिकटवली होती. टोपी थोडी मोठी झाल्यानं एक कान गायब झाला होता. खाली लिहिलं होतं, 'आमची विद्यार्थिनी, पोलीस उपनिरीक्षक.'

तिनं डब्यातली पोळी तशीच झाकली. गोपाल सरांच्या केबिनमध्ये गेली, आणि मीही मागोमाग गेलो. सर गिलावडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खात होते. दही हनुवटीवर आलं होतं.

"सर, माझा फोटो उतरवा. मी लागली नाही."

"बसा मॅडम. पुढच्या सालाले लागसालच ना तुमी. आपण थोडं पयले छापलं, एवढंच."

"ते खोटं आहे."

"आहेच खोटं. मी कुठं नाही म्हणून राहिलो?" सरांनी बोटं चाटली. "त्या रांगेतले अर्धे तं मी पाह्यले बी नाहीत. सगळेच छापतात, मीही छापतो. तुमाले तोंडावर सांगून राहिलो का मी खोटा आहो. याच्यापेक्षा खरा माणूस पाह्यजे तुमाले?"

आणि हसले. हसताना तोंडातला वडा दिसत होता. गीतांजली त्या तोंडाकडं पाहत राहिली. मग वळली आणि बाहेरच्या बेसिनवर जाऊन खूप वेळ हात धूत राहिली. तिनं काही खाल्लेलंसुद्धा नव्हतं.

पातुरात तोवर गोष्ट हाताबाहेर गेली होती. अकोल्याहून येणाऱ्या प्रत्येकानं फ्लेक्स पाहिला होता. बाजारात सहदेवकाकांच्या गळ्यात कुणी हार घातला, कुणी पेढे वाटले. गीतांजलीनं वडिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू ठेवला. मला वाटतं, तिला साक्षीला कुणीतरी हवं होतं.

"बाबा, ते खोटं आहे. लोकांना सांगा."

फोनमधून बाजाराचा गलका ऐकू येत होता. "मनोजनं सांगतलं मले," सहदेवकाका म्हणाले. "पण आता रविवारी सभामंडपात सत्कार ठेवला लोकाईनं. देवराव गुरुजी पाहुणे हायेत. तू ये बाई. नारळ घे, शाल घे, आन् जाय. बोलू नको काही."

"तुम्हाला माहीत असून?"

"आता काय सांगू मी लोकाईले?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती गेली. बोलायलाच गेली. तिथं काय झालं हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा कुजकं काही हुंगल्यासारखा झाला होता. सभामंडप भरलेला. व्यासपीठावर झेंडूच्या माळा, आणि त्या त्यांच्याच शेतातल्या. बापानं स्वतः पहाटे तोडून आणलेल्या. सहदेवकाका नवीन टोपी घालून खुर्चीवर बसले होते. देवराव गुरुजी, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, लेकींच्या शिक्षणावर लांबलचक बोलले. मग माईक तिच्या हातात आला.

"माझी निवड झालेली नाही," ती म्हणाली. "क्लासवाल्यांनी खोटा फोटो छापला. मी तिथं शिकवते. मी फौजदार नाही."

मग देवराव गुरुजींनी टाळी वाजवली, आणि मागून सगळ्या मंडपानं. गुरुजींनी माईक घेतला. "पाहा, हातात ऑर्डर पडेपर्यंत उघड बोलायचं नसते, असा त्याईच्या खात्याचा नियम असन. पोरगी आतापासून नियमानं चालून राहिली. याले म्हणतात संस्कार."

"गुरुजी, मी खरं सांगते आहे. बाबांना विचारा."

सगळ्यांनी सहदेवकाकांकडं पाहिलं. त्यांनी गळ्यातला हार सारखा केला. तिच्याकडं पाहिलं नाही. "प्रवासानं थकली ते," एवढंच म्हणाले.

लोक मायेनं हसले. कुणीतरी शाल तिच्या खांद्यावर टाकली, नारळ ओटीत घातला. तिनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि मंडपाच्या मागं गेली. तिथं उकिरड्यापाशी तिला उलटी झाली. झेंडूच्या वासानं झाली असं बायकांनी ठरवलं. तिची आई माणिकबाई तांब्या घेऊन आली, तोंड धुवायला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"आई, तुला तरी पटलं का?"

"मले पह्यल्या दिसापासून माहीत हाय."

"मग बोलली काहून नाही?"

माणिकबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी उलटीवर ओतलं. "तुया बापाले अडतवाले खुर्ची देऊन राहिले, चहा पाजून राहिले. साऱ्या जन्मात कोनं पाजला नव्हता. मले तोंडच उघडता आलं नाही."

ही गोष्ट सांगून झाल्यावर गीतांजली म्हणाली, "सर, मला आईचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. नुसती मळमळ होत राहिली. अजून होते."

परत येताना ती अकोल्याला उतरली. करिश्मा नावाची तिची एक जुनी विद्यार्थिनी तिथं राहायची, तिला बरोबर घेतलं. फ्लेक्सच्या इमारतीत शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडून कात्री मागितली, वरच्या मजल्यावर गेली, आणि करिश्मानं मागून धरल्यावर फ्लेक्सशेजारच्या खिडकीतून बाहेर वाकून स्वतःचा चेहरा टोपीसकट कापून काढला. खाली माणसं उभी राहून पाहत होती. कुणी काही विचारलं नाही. आठवडाभर तिथं चौकोनी भोक होतं. मग गोपाल सरांनी त्यावर दुसऱ्या मुलीचा फोटो चिकटवला. टोपी तीच होती.

गीतांजलीनं क्लास सोडला. मी सोडला नाही. मी अजून त्याच प्लायवूडच्या भिंतीशेजारी समास शिकवतो. पलीकडं आता बुद्धिमत्तेला एक पोरगा आहे. तो कोडी सोडवून दाखवत नाही, उत्तर कुठल्या पर्यायात असतं ते सांगतो.

पुढच्या वर्षी फौजदाराची जाहिरात आली तेव्हा मी तिला फोन केला. तिचं वयात बसायचं ते शेवटचं वर्ष होतं. तयारी कुणाहीपेक्षा चांगली होती. ती म्हणाली, अर्ज भरणार नाही.

"का?"

"लागली तर तो फ्लेक्स खरा होईल. गोपाल सर म्हणतील, पाहा, मी म्हटलं नव्हतं? आणि गुरुजीही म्हणतील. या सगळ्यांना मी खरं करून देऊ?"

मी तिला खूप समजावलं. हा वेडेपणा आहे असंही म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि तारीख निघून जाऊ दिली.

आता ती रुक्मिणीनगरात भाड्याच्या खोलीत शिकवणी घेते. दारावर एकाही मुलाचा फोटो नाही. पालक येतात, तुमचे किती लागले म्हणून विचारतात. ती सांगते, अजून कुणी नाही. बहुतेक जण चपला घालून निघतात. थोड्या मुली टिकल्या आहेत, त्यांच्यावर तिचं भागतं. दिवाळीला ती पातूरला जाते, आईजवळ चुलीपाशी बसते. सहदेवकाका आले की उठून परसात जाते. त्यांना अजून बाजारात फौजदारीणबाईचे वडील म्हणतात आणि ते अजून मान हलवतात.

गेल्या दिवाळीला परत निघताना पातूरच्या स्टँडवर मोतीराम नावाचा ओळखीचा माणूस तिला आडवा आला. त्याच्या मुलाची मोटारसायकल ठाण्यात जमा झाली होती. एक फोन करून सोडवून द्या म्हणत होता. गीतांजलीनं त्याला शांतपणे सांगितलं की ती पोलिसात नाही, कधीच नव्हती, मुलींची शिकवणी घेते.

मोतीरामचा चेहरा उतरला. "नाही करायचं तं नाही म्हना बाई," तो म्हणाला. "आपल्या गावच्या माणसाशी खोटं काहून बोलता?"

ती अकोल्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये कोपऱ्यात जाऊन बसली, ओढणी नाकातोंडावर घट्ट दाबली, आणि पातूर मागं पडेपर्यंत तिनं ती काढली नाही.