चार परस पाणी

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि हिशेबात माझा हात धरणारा त्या तालुक्यात कोणी नाही अशी माझी समजूत होती. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उर्दू बोलणारे. कोणतं औषध किती पाण्यात किती घालायचं, हे तेसुद्धा मलाच विचारायचे. त्यामुळं डोक्यात हवा गेलेली. हे आधीच सांगून टाकतो.

एका उन्हाळ्यात चकलांब्याच्या पलीकडल्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. साहेबांनी लाल दवाईचा डबा दिला आणि मला तट्टावर बसवून धाडलं. लाल दवाई म्हणजे काळपट जांभळे खडे. विहिरीत विरघळवले की पाण्यातलं पटकीचं विष मरतं. प्रमाण ठरलेलं होतं, हजार घागरींना एक तोळा. पाणी फिकट गुलाबी दिसलं की समजायचं, बरोबर पडली.

विहीर गोल, दहा हात रुंद. रुंदी मी काठावरून मोजली. पाणी किती खोल आहे ते बघायला दोरी आणली होती, टोकाला धोंडा बांधलेली. ती सोडणार, तेवढ्यात पाटील म्हणाले, "दोरी कावून सोडता? चार परस पाणी हाय."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पाच हात धरायचा. आता आमच्या भागात विहिरीचं पाणी कोणी कमी सांगत नाही. सोयरिकीला आलेला पाहुणा घर नंतर बघतो, आधी विहिरीत डोकावतो. पाटलांची लेक लग्नाची होती आणि सगळं गाव काठावर उभं होतं.

"आमच्या शब्दावर धोंडा टाकता व्हय?" पाटलांचा आवाज चढला.

मी दोरी गुंडाळून पिशवीत घातली. भीड पडली, दुसरं काय! मग मातीत काडीनं आकडे मांडले. गोलाचे अठ्ठ्याहत्तर हात, गुणिले खोलीचे वीस, आणि एका घनहाताला आठ घागरी. साडेबारा हजार घागरी झाल्या, म्हणजे साडेबारा तोळे दवाई. दोनदा ताळा घेतला. बिनचूक. दवाई बादलीत कालवून विहिरीत ओतली आणि पोहरा खालीवर करून पाणी ढवळलं.

पाणी गुलाबी झालं नाही. जांभळाच्या रसागत झालं.

लोक मागं सरले. एक बाई तेवढी पुढं आली. तिचा नवरा आदल्या दिवशीच पटकीनं गेला होता. कडेवर चार वर्षांची पोर, ओठ सुकलेले, "पानी, पानी" करत होती. गावाबाहेर ओढ्याच्या वाळूत उकरलेला एक झिरा होता, पण आजाऱ्यांच्या वाकळा त्याच्या शेजारीच धुतलेल्या. मीच सकाळी सगळ्यांना दरडावलं होतं, त्या पाण्याला हात लावाल तर खबरदार. बाईनं विहिरीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"दादा, आदी तुमी घोटभर प्या. मग मी हिला पाजते."

मी तांब्यात पाहिलं. मनात पुन्हा गुणाकार केला. तो बरोबरच होता, आणि रंग चुकीचा होता. पाटील शेजारीच उभे. कशाला खोटं बोलू, मी घाबरलो.

"मला तहान नाही," मी म्हणालो.

तिनं तांब्या जमिनीवर उपडा केला, पोरीला सावरलं आणि ओढ्याच्या वाटेला लागली. मी तिला हाक मारली नाही.

पाटील जेवायला गेल्यावर मी दोरी सोडली. पाणी एक परस निघालं. पाटलांच्या चार परसांत तीन परस नुसता तोरा होता! म्हणजे दवाई चौपट पडली होती.

दवाखान्यात परतून साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नोकरी जाते. ते उठले, मला चौपट प्रमाणाचं पाणी करायला लावलं, पेला उचलून उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं.

"इत्ते में कुछ नहीं होता, मियाँ," ते म्हणाले. "जरा कसैला लगता है, बस."

चौथ्या दिवशी मी पुन्हा त्या गावात गेलो. विहिरीचा रंग उतरला होता. ती बाई दारात बसलेली होती, कडेवर कोणी नव्हतं. झिऱ्याचं पाणी पिऊन दुसऱ्या रात्री पोरीला जुलाब सुरू झाले आणि सकाळी ती गेली, असं शेजारणीनं मला आधीच सांगितलं होतं. बाईनं मला ओळखलं.

"दादा, खरं सांगा. हिरीचं पानी पाजलं असतं तर माझी लेक वाचली असती का?"

वाचली असती. मला ते चांगलं ठाऊक होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघून ते माझ्यानं सांगवेना.

"नाही, माय," मी म्हणालो. "त्या दिवशी दवाई फार जहाल झाली होती. पाजलं असतंस तर तिथंच गेली असती."

तिनं लांब श्वास सोडला. "मंग बरं झालं. मला वाटलं, मीच मारली." आणि मग ती मोकळी होऊन रडली. आपण काहीतरी चांगलं केलं, असं मला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

तिनं ते गावभर सांगितलं. का नाही सांगणार? पुढं दोन वर्षांनी तिथं पुन्हा पटकी आली. मी डबा घेऊन गेलो तर विहिरीला कडं करून माणसं उभी, हातात काठ्या. ती बाई सगळ्यांच्या पुढं होती. म्हणाली, "दादा, तुमीच म्हनला व्हता, ह्या दवाईनं मानूस मरतंय."

मी तट्टू वळवलं. त्या खेपेला गावातली किती माणसं गेली, ते मी कोणाला विचारलं नाही.