अर्धी दाढी आणि भिंतीवरचा आरसा

वामनकाकांचं नाव आधी घेतो. पुलगावात आमच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाला लागून त्यांचं सलून आहे. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाईकाची दाढी अर्धी ठेवली, भिंतीवरचा आरसा उतरवला आणि माझी चूक सावरायला आले. चूक माझी एकट्याची होती.

मी चिपळूणकडचा. नववीत शाळा सोडली. मदरबोर्डचं काम शिकलो ते हिंदी व्हिडिओ बघून, एकेक व्हिडिओ दहा वेळा मागे घेऊन. ओळखीतून इथलं काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आलो. इथे आपलं कुणी नाही, त्यामुळे काही बिघडलं की आता घरी पाठवतील, हेच आधी डोक्यात येतं.

दुपारी बाराला सागर आला. नाचणगावचा, वीस-एकवीस वर्षांचा. फोनचा डिस्प्ले फुटलेला. फोन घेताना आम्ही जॉब कार्ड भरतो. त्यावर त्याने स्वतःच लिहिलं, ‘मला ऐकू येत नाही. चार वाजता व्हिडिओवर इंटरव्ह्यू आहे. तोपर्यंत होईल ना?’ मी अंगठा वर केला.

डिस्प्ले बदलताना फ्रेम गरम करून जुना गोंद सोडवावा लागतो. मग ठरलेली तपासणी. सिम टाकायचं, फोन लावायचा, ‘हॅलो हॅलो चेक’ म्हणायचं. माईक, स्पीकर, रिंगटोन. साडेतीनला सागर आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत रिंगटोन फुल आवाजात वाजवून दाखवली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने फोन घेतला आणि पहिल्यांदा पुढचा कॅमेरा उघडला.

काळा.

फोन परत उघडला. कॅमेऱ्याची पट्टी, म्हणजे कागदासारखी पातळ वायर, माझ्याच हातून गोंदाबरोबर फाटली होती. त्याला जे कधीच लागणार नव्हतं ते मी तीनदा तपासलं होतं. जे लागणार होतं ते एकदाही नाही. कार्ड समोरच पडलं होतं.

त्या मॉडेलचा कॅमेरा नागपूरहून येतो. मालक तिकडेच गेले होते. फोन लावला.

“सर, कॅमेरा गेला. माझ्याच हातून.”

“कॅमेरा घेऊन आठपर्यंत येतो. पोराले सांभाळ, पळू नको.”

माझ्या स्वतःच्या फोनचा कॅमेरा मी मागेच काढून एका गिऱ्हाईकाच्या फोनला बसवला होता. काउंटरवर कॉलेजची दोन मुलं स्क्रीनगार्ड लावायला थांबली होती. अर्धा तास फोन द्याल का, विचारलं.

“फोन? भाऊ, किडनी माग. फोन नको मागू.”

त्यातला एक हसत म्हणाला, पण मुठीतला फोन खिशात गेला. मी समजू शकतो. मीही दिला नसता.

मग मला वाटलं, मागचा कॅमेरा चालू आहे की! फोन उलटा धरून दाखवला. सागरने मान हलवली आणि टाईप केलं, ‘मी त्यांना दिसेन. त्यांचे हात मला कसे दिसणार?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण स्क्रीनकडे न बघता तासभर बोलतो. त्याच्यासाठी स्क्रीन हाच कान होता.

चारला बारा मिनिटं होती. वामनकाका दारात आले. त्यांच्याकडे बटणाचा फोन, त्यामुळे मागण्यात अर्थ नव्हता.

“काऊन रे कोकण्या, तोंड काऊन पाडलं?”

मी सांगितलं. मागच्या कॅमेऱ्यातून हा दिसतो, पण स्क्रीन पलीकडे जाते.

“मंग पलीकडचं पाह्याले आरसा लाव न.” आणि ते गेलेसुद्धा. सलूनमधून आवाज आला, “काका, माही अर्धी दाढी!”

“बस थोडा वेळ. असा कोठी जाशीन?”

माझ्याच स्क्रू ड्रायव्हरने त्यांनी आरसा काढून आणला. मदरबोर्ड पकडायचा छोटा स्टँड असतो, त्यात मी फोन अडकवला, मागचा कॅमेरा सागरकडे. बेंचवरचा दिवा त्याच्या हातांवर वळवला. फोनच्या मागे काका आरसा धरून उभे राहिले, म्हणजे स्क्रीन आरशात आणि आरसा सागरच्या डोळ्यांत. मी म्हटलं, “थोडा डावीकडे...”

“तीस वर्सं झाले लोकायले त्यायच्या मानेमागचं दाखवून राह्यलो. मले अँगल नको शिकवू.”

इंटरव्ह्यू चालू झाला. पुण्यातली एक संस्था मुलांसाठी खुणांच्या भाषेत धड्यांचे व्हिडिओ बनवते, तिथलं काम होतं. पलीकडे दोन मुली. दुकानात पंख्याशिवाय आवाज नाही, आणि समोर जोरात गप्पा चाललेल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं तरी नजर हटेना. नेटवर्क अडकलं की तिकडचे हात हवेत थांबायचे आणि सागर वाट बघायचा, तोंडातला घास थांबवावा तसा. मध्येच त्याने एक खूण केली. त्यातली एक मुलगी थांबली, तिने ती खूण स्वतः करून बघितली आणि दोघी खळखळून हसल्या. आवाज बंदच होता, पण दिसलं.

पंचवीस मिनिटं काकांचे हात हलले नाहीत. शेवटी पलीकडे दोघींनी दोन्ही हात वर करून हलवले. ती टाळी होती, हे नंतर कळलं.

मी कार्डामागे लिहून विचारलं, ती खूण कसली? त्याने टाईप केलं, ‘मेसेज बघून उत्तर न देणारा. आमच्या ग्रुपने बनवली. गोंदिया, अकोला, बीड. कुणी कुणाला भेटलो नाही, व्हिडिओवरच.’

मी पुन्हा लिहिलं, ‘आणि आरशात सगळं उलटं दिसलं असेल ना?’

‘सेल्फीत रोज उलटंच बघतो.’

निकाल आठवड्याने आला. सागरला काम मिळालं. फोनला नवा कॅमेरा मी त्याच रात्री बसवून दिला होता. मालक ओरडले, पण घरी पाठवलं नाही. आता कार्डावर मी एक ओळ वाढवली आहे: ‘फोन मुख्यतः कशासाठी लागतो?’ जे उत्तर येईल ते आधी तपासतो.

या मुलांमध्ये प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. सागरने काकांचं नाव ठेवलं, दोन बोटांची कात्री. माझं नाव म्हणजे कानाला मूठ लावून ‘हॅलो हॅलो’. गोंदियापासून बीडपर्यंत मी आता त्याच नावाने ओळखला जातो.

काकांची मुलगी सुरतला असते. नातवाचा त्यांनी फक्त आवाज ऐकलाय. फोन घ्या म्हटलं तर म्हणतात, “मले नाई जमत ते.” काका, जमेल. एक दिवस माझ्या हाताने चांगला मोठ्या स्क्रीनचा फोन जुळवून तुम्हाला देणार आहे. पुढचा कॅमेरा सगळ्यात आधी तपासून. आणि नातू समोर येईल तेव्हा फोन मी धरीन, हात न हलवता.