चार कुरडया

इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत उन्हाळा भिजलेल्या गव्हाच्या आंबूस वासाने सुरू व्हायचा. तो वास जिन्यापर्यंत आला की समजायचं, उद्या त्या घरी कुरडया. सकाळी बायका गच्चीवर जमायच्या. गव्हाचा चीक मीठ-हिंग घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून साडीवर कुरडया घालायच्या, कारण निवला की तो घट्ट होऊन बसतो. आम्हा मुलींना वाटीभर चीक मिळे, वर दूध-साखर. त्या वाटीसाठी मी आजही कुणाशीही भांडेन.

सोऱ्या गल्लीत एकच होता. आईने देवळ्याहून, माहेराहून आणलेला, पितळी आणि चांगला जड. त्याच्या चकत्या लाल कापडी पिशवीत असत. ज्या घरचा दिवस, त्या घरी सोऱ्या जायचा.

मी दहा वर्षांची असताना शेजारच्या काकूंच्या कुरडया राखायला गच्चीवर बसले होते. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, समोर चिमण्या. दोन तास मी जागची हलले नाही. दुपारी काकू वर आल्या, ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, "चार कमी आहेत." मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. तिथे त्यांच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका पापड लाटत बसल्या होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी माझी हनुवटी वर केली. "उघड तोंड." मी उघडलं. त्यांनी जिभेखालीसुद्धा पाहिलं. बायका हसल्या.

माझी आईही त्या बायकांत होती. तिचं लाटणं थांबलं आणि परत सुरू झालं. काकूंचा राग आला तो आलाच, पण तो लाटण्याचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी वर्षभर दम धरला. पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतासाठी दुप्पट गहू भिजला होता. आमच्या कुरडया आधीच वाळून डब्यात गेल्या होत्या. काकूंच्या दिवशी आई आंघोळीला गेली तेव्हा मी चकत्यांची पिशवी उचलली आणि कूलरच्या गवतात, मागच्या जाळीत, हात जाईल तितकी आत सारली. मग नुसता सोऱ्या मीच नेऊन दिला. मला कसलीही भीती वाटली नाही. फार बरं वाटलं.

काकूंचा चीक पातेल्यात बसला. भांड्यांची दुकानं उघडायला अजून दोन तास होते. काकू ओट्यापाशी रडत होत्या आणि मी दारात उभी राहून ते पोटभर पाहत होते. तेवढ्यात आई आमच्या घरात गेली आणि कुरडयांचा डबा घेऊन आली. अख्खा डबा. "आमच्या घरातून चकत्या हरवल्या, मग आमच्याच कुरडया न्या," म्हणाली.

त्या वर्षी अक्षय तृतीयेला आमरसासोबत कुरडई नव्हती. वडिलांनी दोनदा ताटाकडे पाहिलं आणि पोळी मोडली. लग्नात रुखवतावर आमच्या कुरडयांचा मनोरा उभा होता. विहीणबाईंनी कौतुक केलं तेव्हा काकू म्हणाल्या, "आमच्या हातच्याच." मी बासुंदीला हात लावला नाही.

पुढच्या चैत्रात वडील कूलरचं गवत बदलायला बसले आणि पिशवी बाहेर पडली. चकत्यांवर हिरवा गंज चढला होता. आईने त्या चिंचेने लख्ख घासल्या. ओरडली नाही. काकूंचा दिवस आला तेव्हा सोऱ्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तूच दे. आणि पिशवी कुठं होती ते तुझ्या तोंडानं सांग."

मी गेले. काकू चीक ढवळत होत्या. मी सांगितलं, कूलरमध्ये होती, मीच घातली. आणि म्हटलं, "पण त्या चार कुरडया मी खाल्ल्या नव्हत्या."

काकूंनी उलथनं पातेल्याच्या कडेला टेकवलं. "अगं, त्या त्याच दिवशी संध्याकाळी सापडल्या. वाऱ्याने साडीची कड दुमडली होती ना, तिच्यात." इतकं सहज म्हणाल्या. "राहूनच गेलं बघ सांगायचं."

मी घरी आले. आई पापड लाटत होती. मी काकूंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आईचं लाटणं थांबलं. मी ते परत सुरू व्हायची वाट पाहत उभी राहिले.

आईने लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं. "त्याच दिवशी सापडल्या म्हणाली?"

"हो."

"चीक झालाय का तिचा?"

"होत आलाय."

"जा," आई म्हणाली. "सोऱ्या घेऊन ये. चकत्यांसकट."

मी चप्पलसुद्धा घातली नाही.