घोंगडीपलीकडचे तीन नवरे

आमचे दौंडचे मामा मुलगी बघायच्या कार्यक्रमाला गेले की पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणत, "पोरीलाबी काय इचारायचं आसंल. बाजारात गाईला निदान लाथ तरी मारता येती." त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा सहसा कोणी बोलवत नसे.

मामा रेल्वेत फिटर होते. पुण्याकडे टीव्ही नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या साहेबाचा मुलगा अमेरिकेहून आला आणि तिकडच्या टीव्हीवरचा एक खेळ त्याने मामांना सांगितला. पडद्याआड तीन मुलगे बसतात, मुलगी प्रश्न विचारते आणि नुसत्या उत्तरांवरून एकाला निवडते. मग दोघं लग्नाआधीच फिरायला जातात, एवढा भाग मामांनी इकडे कुणाला सांगितला नाही.

पहिला प्रयोग खुटबावला, मित्राच्या मुलीसाठी झाला. पडद्याच्या जागी घोंगडी बांधली. मुलीने विचारलं, "पहाटे पाणी कोण भरणार?" पहिल्या मुलाच्या वतीने त्याचे वडील बोलले, दुसऱ्याच्या वतीने चुलते. तिसऱ्याची आई म्हणाली, "मी भरते की. तू नीज." मुलीने तिलाच पसंत केलं. नवरा कोण, ते घोंगडी काढल्यावर कळलं. संसार उत्तम झाला.

पुढच्या खेपेला, शिरूरला, मामांनी वडीलधाऱ्यांना अंगणात बसवलं. तर आत एकही मुलगा तोंड उघडेना. मामा म्हणाले, "लाजाळू न्हाईत. घरी कवा बोलूच दिलं न्हाई त्यांना."

मग न्हावऱ्याला, आमच्याच घरी, घोंगडीअलीकडे मी बसले. मला शाळेत नोकरी लागली होती आणि हा खेळ आमच्याकडेही व्हावा या आईच्या हट्टापुढे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान तुकवली होती. ऐन वेळी तिसऱ्या मुलाची एसटी वाटेत बंद पडली. आमच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला एक वायरमन आला होता, मामांनी त्याला आणून बसवलं. जात आधी विचारून घेतली. मामा सुधारक होते, वेडे नव्हते.

मी विचारलं, "लग्नानंतर मी शिकवायला जाणार. चालेल?"

"आईला इचारतो," पहिला म्हणाला.

"कशाला? आमच्यात काय कमी हाय?" दुसरा म्हणाला.

तिसरा म्हणाला, "शाळा किती लांब हाय?"

मी तिसरा निवडला. घोंगडी निघाली, तर वायरमन हातात पाना घेऊन उभा. म्हणाला, "मला वाटलं, नुसती जागा भरायला बसवलंय."

आप्पा मामांवर चिडले. "पोरीचं लगीन हाय, तमाशा न्हाई."

"दाजी, तिनं निवडलंय," मामा म्हणाले. "आता तुम्ही निवडायचं व्हतं, तर पोरीला इचारायला बसवलंच कशाला?"

मी हटले नाही. आप्पांनी लग्न लावून दिलं, पण मामांना बोलावलं नाही, आणि पुढे घराची पायरीही चढू दिली नाही. घोंगडीचा खेळ तिथेच संपला. आम्ही दोघं मात्र दौंडला जात राहिलो.

मामा थकल्यावर एकदा मी सहज विचारलं, "मामी, तुम्ही काय विचारलं होतं मामांना?"

मामी भाकरी थापत होत्या. "मला कुठं कुनी बसवलं इचारायला?"

मामा ओशाळले. म्हणाले, "मग आता इचार."

मामींनी हात थांबवला. "माझ्या आधी जानार, का मागनं?"

"मागनं," मामा लगेच म्हणाले.

मामा त्याच उन्हाळ्यात गेले. मामी पुढे बरीच वर्षं जगल्या. मामांचं कौतुक निघालं की सगळं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच म्हणत, "खोटं बोलले."