जोगव्याचं पाचवं घर

चारुलता चौगुले आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत ती ब्रेकच्या चाचण्या करते, आणि मी त्याच कंपनीत खरेदी विभागात आहे. गडहिंग्लजजवळचं गाव, मग कोल्हापूर, मग पुणे आणि मग इथे, असा तिचा प्रवास. इथे आली तेव्हा ती चौगुल्यांचा थोरला मुलगा होती. तेव्हाचं नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडत नाही, आणि या गोष्टीचं त्यावाचून काही अडतही नाही. मागच्या वर्षी तिने श्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्नाच्या नोंदी करणाऱ्या कचेरीत, जाऊन रीतसर नाव बदललं. इमारतीत कोणी हूं की चूं केलं नाही. इथे बेलवर फक्त आडनाव असतं, त्यामुळे पाटीसुद्धा बदलावी लागली नाही.

तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले म्हणजे इमारतीच्या न नेमलेल्या मुकादम. जिना झाडण्यापुसण्याची पाळी, जिला इथे केअरवोखे म्हणतात, त्यांच्या नजरेखाली चालते. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते, आणि पाळी संपली की ती शेजारच्या दाराला जाते. माणसाची पारख फ्राऊ हेबर्ले तळघराच्या कोपऱ्यांवरून करतात. चारू कोपरे पुसते, म्हणून तिला सात खून माफ. मला अजून एकही नाही.

या उन्हाळ्यात कंपनीत डायव्हर्सिटी वीक झाला. कँटीनमध्ये पडदा लावून एका उत्साही मुलीने जगाची सफर घडवली. पहिल्यांदा अमेरिकेतले झुनी लोक आले. त्यांच्यात पुरुषाच्या देहाने जन्मून बायकांचा पोशाख आणि बायकांची कामं घेणारे ल्हामाना असत. ते मडकी घडवत, विणकाम करत, कुणाची भांडणं झाली तर मिटवायला जात, आणि गाव त्यांना मान देई. मग सामोआ झालं. मग भारत, एका ओळीत. नंतर चारूला बोलायला उभं केलं.

ती म्हणाली की तिच्या आईच्या माहेरी असा एक जण होता, यल्लम्माला सोडलेला. साडी नेसायचा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेला मुखवटा, घेऊन फिरायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. गाव त्याला लक्ष्मव्वा म्हणायचं. लोक पाया पडायचे आणि पाठ वळली की खिदळायचे. रात्री काही जण दारही वाजवायचे. झुनींचं मला माहीत नाही, चारू म्हणाली, पण आमच्याकडे मान होता तो देवीला, आणि त्याची किंमत माणूस मोजायचा. म्हणून मी ब्रेक तपासते. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या श्रीधरने. हा पुण्याचा, चारूच्याच विभागातला, मागच्या गल्लीत बायकोबरोबर राहणारा. माणूस चांगला आहे. फक्त स्वतःच्या चांगुलपणावर त्याचा जरा जास्तच विश्वास आहे.

सप्टेंबरात चारूची आई आली. कुंदाकाकू कधी मुंबईच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. बॅगेत कपडे थोडे आणि ज्वारीचं पीठ भरपूर. गावच्या रानातली ज्वारी, कारण परमुलखात पोट बिघडतं. लेकाचं नाव त्यांना घेता येईना आणि लेकीचं घेववेना, म्हणून त्यांनी हाक मारणंच बंद केलं. भाकरी झाली की ताटावर वाटी वाजवायची. चारू येऊन बसायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी जेवणाच्या वेळी वर जायचं टाळायचे.

खरी गाठ गावची होती. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाने, कपिलने, फोनवर चारूला सांगितलं होतं की येऊ नकोस, लोकांना काय सांगू. ती गेली नाही. तेव्हापासून गावची वाट बंद. तिने मला एकदाच सांगितलं की बाकी कशाचं नाही, पण एकदा त्या घराच्या उंबऱ्याच्या आत जायचं आहे. आई इथे आली होती ती हे घडणार की नाही ते ठरवायला, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

आणि कुंदाकाकूंनी ठरवलंही. त्यांच्या डोक्यात या सगळ्याला एकच नाव होतं, ते म्हणजे लक्ष्मव्वा. डॉक्टर, कायदा, श्टान्डेसआम्ट हे त्यांच्या कानावरून गेलं. त्यांनी सांगितलं की देवीच्या नावाने पाच घरी जोगवा माग, पाची घरांनी वाढलं म्हणजे देवीनं पदरात घेतलं. मग मी गावात मान वर करून सांगीन आणि कपिल काय, कुणाचीच जीभ उचलणार नाही. एक जरी घर नाही म्हणालं, तर मात्र हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि आपल्या घरी मागायचं नाही, घरच्या पिठाने परडी भरत नाही.

चारू आठवडाभर भांडली. देवाला माणसं सोडणं कायद्याने बंद आहे, ही पिळवणूक आहे, मी शिकले ते यासाठी नाही, हे सगळं तिने ऐकवलं. काकू म्हणाल्या, मी सोडत न्हाई तुला, मागायला लावतीया. शेवटी चारू माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, गेनाऊ, अगदी हेच मी कँटीनमध्ये नको म्हटलं होतं. आणि आता बास्केट शोधतेय." तिचा राग कुणावर होता ते तिलाही नीट कळत नव्हतं. बास्केट माझी होती, स्ट्रॉबेरी आणायची.

काकूंच्या परतीच्या आधीचा मंगळवार ठरला. दिवेलागणीच्या आत उरकायचं होतं. जर्मनीत न सांगता बेल वाजवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण, म्हणून चारूने चार घरी आधी टेरमीन घेतली. भेटीची वेळ ठरवून मागितलेला हा जगातला पहिलाच जोगवा असावा. श्रीधरला मात्र तिने विचारलं नाही. तो तर आपलाच, तो कशाला नाही म्हणेल.

चारूने हिरवी साडी नेसली, आईने तिच्या कपाळाला भंडारा लावला. माझं घर पहिलं. दारात उभी राहून ती इतक्या हळू "उदो गं आई" म्हणाली की काकूंनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मी तांदूळ घातले. पलीकडच्या इमारतीत नागपूरची निधी राहते, येऊन वर्षही झालं नाही. तिने डाळ घातली आणि वाकून चारूच्या पाया पडली. चारू दचकून मागे सरली. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या तुर्की जोडप्याने काही न विचारता ओंजळभर बुलगूर, म्हणजे त्यांचा दलिया, घातला आणि दोघं आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटले. काकूंनी त्यांना हात जोडले. काकू आणि त्यांच्यात एकही शब्द सामाईक नव्हता, पण देवघेव झाली.

फ्राऊ हेबर्ले ठरल्या वेळी दार उघडून उभ्याच होत्या. मूठभर पीठ त्यांना पटेना, त्यांनी न फोडलेलं अख्खं पाकीट परडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे जाणार होत्या आणि पुढची पाळी चारूची होती, म्हणून त्यांनी केअरवोखेची लाकडी पाटीही पिठावर ठेवून दिली. काकूंना वाटलं तीही देवीला आलेली. त्यांनी पाटीला भंडारा वाहिला, कपाळाला लावली आणि परडीत नीट टेकवली. चारूने ती तशीच राहू दिली. फ्राऊ हेबर्लेंनी पाटीचा इतका आदर आयुष्यात पाहिला नसेल. त्यांनी समाधानाने मान हलवली.

पाचवं घर श्रीधरचं. त्याने दार उघडलं, परडी पाहिली, साडी पाहिली आणि हसून आत बोलावलं, कॉफी घ्या म्हणाला. चारूने उंबऱ्याबाहेरूनच जोगवा मागितला. मागे स्वरूपा, त्याची बायको, वाटीत तांदूळ घेऊन आली होती. श्रीधरने तिला हाताने थांबवलं. मग तो चारूशी फार समजुतीने बोलला. तुझ्या ओळखीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण हे भीक मागणं म्हणजे पिळवणूक आहे, कायद्याने बंद आहे, तू शिकलेली आहेस. त्याचं एकेक वाक्य चारूने आठवडाभर आईला ऐकवलेलं होतं.

"मूठभर तांदूळ दे रे," ती म्हणाली, "मत नको देऊस."

तो म्हणाला की तत्त्वाचा प्रश्न आहे, सॉरी. स्वरूपाने वाटी परत नेली. मला त्याचा इतका राग आला की मी चारूचा दंड धरून तिला तिथून वळवलं.

परतीच्या वाटेवर चारू खाली बघून चालत होती. चार घरं झाली होती, पाचवं नाही म्हणालं होतं, आणि ठरल्याप्रमाणे विषय तिथेच संपला होता. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने सवयीने लाकडी पाटी परडीतून काढून आपल्या दाराला लटकवली. भंडाऱ्याचा पिवळा पट्टा तसाच होता. मग ती आईला म्हणाली की झालं, आता कपिलला सांग, मी नाही येत. आवाज अगदी ऑफिसातला होता.

काकूंनी तिच्या हातातून किल्ली घेतली, दार उघडलं, आत गेल्या आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.

चारू पायरीवर बसली. मी म्हटलं की त्या दमल्या असतील. आतून डबा सरकवल्याचा आवाज आला, मग काकूंचा.

"इचार की."

चारूला कळेना. मी तिला उठवलं आणि बेलकडे बोट केलं. तिने बेल दाबली आणि "उदो गं आई" म्हणाली, या वेळी पुरेशा मोठ्याने.

दार उघडलं. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला होता. ओंजळीत ज्वारीचं पीठ होतं, डब्याच्या तळाचं, उरलंसुरलं सगळं.

"आई, आपल्या घरी मागायचं नाही म्हणालीस," चारू म्हणाली.

"पोराला न्हाई मागता येत. त्याचं घर असतंय ते." काकूंनी ओंजळ पुढे केली. "हे पीठ गावच्या घरचं हाय. लेकीचं घर न्हवं ते. लेकीनं मागिटलं तर चालतंय. धर परडी, चारू."

काकू इथे आल्यापासून पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारत होत्या. चारूने परडी धरली. पीठ पडलं, थोडं साडीवर सांडलं. ती रडत होती आणि मीही. जिला घराचा उंबरा ओलांडायचा होता तिला उंबरा मिळाला, पण घर गेलं, हे मला तेव्हाही दिसलं. आम्हा सगळ्याच बायकांचं ते कधीतरी गेलेलं असतं, फक्त आम्हाला ते कोणी असं ओंजळीत घालून दिलेलं नसतं.

जोगव्याचं शिजवून खायचं असतं, म्हणून काकूंनी सगळं एकत्र करून चुलीवर, म्हणजे इंडक्शनवर, ठेवलं. तांदूळ, डाळ, बुलगूर, फ्राऊ हेबर्लेंचं पीठ आणि ज्वारी, असं ते न ओळखता येण्यासारखं काहीतरी झालं. ते शिजत होतं तेव्हा त्यांनी कपिलला फोन लावला. तिकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. काकूंनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "भाऊबीजेला तुझी बहीण माहेराला येतीया. माजघर झाडून ठेव."