गर्डरवरचा शॉट

"थांबवा ते," अण्णाजी म्हणाले. मी प्रोजेक्टर बंद केला. खिडकीवर टांगलेलं घोंगडं कुणीतरी काढलं आणि ऑफिसात ऊन आलं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. मला त्यावर डॉक्युमेंट्री करायची होती. समोर अण्णाजी धरून तीन कंत्राटदार बसले होते. त्यांनी पैसे द्यायला हो म्हटलं तरच फिल्म होणार होती. कागदावरची कथा वाचून दाखवली की अशी माणसं जांभया देतात. म्हणून मी रशेस दाखवत होतो. रशेस म्हणजे लॅबमधून धुऊन आलेलं, न कापलेलं शूटिंग. सगळ्यात चांगला शॉट पहिला ठेवला होता. उंच गर्डरवरून सीताराम मोकळा चालतो आहे, मागे नुसतं आभाळ. सीताराम रिगर होता, उंचावर लोखंड चढवणारा, भंडाऱ्याकडचा. फिल्मचा हीरो म्हणून दाखवायला मी त्याला सोबत आणलं होतं.

अण्णाजींनी त्याला आत बोलावलं. तो त्यांच्याच साइटवरचा निघाला.

"काऊन रे, बेल्ट बोचते का तुले? उद्या मोठे साहेब हे पाहतीन, तं जाब कोन देईन? तुहा बाप?"

सीतारामने माझ्याकडे पाहिलं. शूटिंगच्या दिवशी त्याने सेफ्टी बेल्ट बांधला होता. मीच खालून ओरडलो होतो, "पट्टा काढ, शॉट बिघडतोय."

"पडलो तं, भाऊ?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"बरं. पन पिक्चर आमच्या घरच्यांले दाखवजा."

आता ऑफिसात मी बोलायला हवं होतं. मी रिळाचा डबा बंद करत राहिलो.

"गरमी होऊन राहिली होती, मालक," सीताराम म्हणाला.

"मंग उद्यापासून घरीच हवा खाय." अण्णाजी माझ्याकडे वळले. "तेवढा शॉट कापा. बाकी आपलं पक्कं."

तो शॉट कापून फिल्म झाली. लोकांना आवडली.

पुढे एकदा सीताराम भिलाईजवळच्या मरोद्यात भेटला. डोक्यावर विटा होत्या. "भाऊ, मी दिसतो का त्याच्यात?"

"दिसतोस. सुरुवातीलाच."

"मंग झालं," तो म्हणाला आणि विटा घेऊन पुढे गेला.

फिल्मसाठी पैसे मागायला जाणारी तरुण मुलं आज माझा सल्ला विचारतात. मी सांगतो, चांगला शॉट आधी दाखवा, कमी बोला. आणि तो शॉट कसा घेतला हे कोणी विचारलं, तर उत्तर तुम्ही द्या. शॉटमधल्या माणसाला देऊ देऊ नका.

बेल्ट मी काढायला लावला होता.