खोली करून राहणारी मुलगी

आमच्याकडे नोकरीला गेलेला मुलगा परगावी 'खोली करून राहतो'. मुलगी मावशीकडे राहते, होस्टेलात राहते, नाही तर जातच नाही. माझ्या कादंबरीतली एकोणीस वर्षांची मास्तरीण मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या मुकुटबनात खोली करून राहणार होती. ती रांधते कशावर, पाणी कुठून आणते, आतून कडी कशी लावते, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. म्हणून आमच्या उमरखेडातच राहणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे मी वही घेऊन गेले. त्या म्हणजे त्यांच्या बंजारा तांड्यावरची पहिली शिकलेली मुलगी, आणि नोकरीची पहिली चार वर्षं त्यांनी मुकुटबनात एकटीनं काढली होती.

त्या दिवशी माझ्याच घरात भांडण पेटलं होतं. लेकीला लोहाऱ्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात नोकरी लागली होती. तिनं तिथं खोली पाहून ठेवली होती आणि घरमालकिणीला संध्याकाळी सहापर्यंत फोनवर हो-नाही कळवायचं होतं. कापसाचे ते वाईट दिवस. भावासाठी रोज कुठे ना कुठे चक्का जाम, एसटीच्या काचा फुटलेल्या, पेपर उघडायची भीती वाटायची. तिचे बाबा म्हणाले, "असल्या दिवसांत पोरगी एकटी ठेवाची?" आणि स्वतंत्र मुलीवर पानंच्या पानं खरडणाऱ्या मी मान डोलावली.

"तुह्या पुस्तकातल्या पोरीले बरं चालते!" लेक म्हणाली. मी तिच्यावर खेकसले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

बाई मोकळेपणानं बोलल्या. "घरमालक पयले हेच इचारे, सोबत कोन हाय? मी सांगतलं, भाऊ येनार हाय. भाऊ कोठचा! मंग बाजारातून बिड्या आनल्या. रोज एक पेटवाची अन् थोटूक दारापुढं टाकाचं. लोकायले वाटे, हाय कोनी आत."

"नुसती पेटवून?"

"वास नोको का याले? ओढा लागे. मंग लागली ना सवय!" त्या खुदकन हसल्या.

मग त्यांनी एका दुपारचं सांगितलं. शाळेला सुट्टी होती आणि कुणीतरी दार ढकललं. हाक नाही, बोलणं नाही, थांबून थांबून नुसतं ढकलणं. कडी जुनी होती. बाईंनी पाटा दाराशी सरकवला आणि दाराला पाठ लावून बसल्या. शेजारीण पाण्याला निघाली तेव्हा कुठे तो माणूस गेला. कोण होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी वही मिटायला लागले.

"थांबा, आखीन सांगाचं हाय," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी शाळा करून मी त्याच खोलीत गेली. बदली नाही मागतली. याडीकडं, मायच्या घरी, आमी सात जन एका खोपटात झोपो. त्या खोलीत मी हातपाय पसरून झोपली. वाटलं तं जेवली, वाटलं तं गानं म्हनलं. मंग लगन झालं, पोरं झाले, समदं चांगलं झालं. पन तसं मंग कधीच नाही भेटलं."

घरी आले तेव्हा पावणेसहा झाले होते. लेक फोनपाशी बसली होती.

"काय म्हणाल्या त्या?" तिचा राग गेला होता. बाईंच्या शब्दावर ती ठरवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी ती दुपार सांगितली. दार सांगितलं, पाटा सांगितला. चांगलं रंगवून सांगितलं, ते मला येतं. बाकीचं वहीत राहिलं. तिचा चेहरा उतरला. तिनं नंबर फिरवला, "नाही जमणार, काकू," एवढंच बोलली आणि रिसीव्हर ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

कादंबरीत मी सगळं घातलं. लिहिणाऱ्या बाईच्या पोटात कुठं काही राहतं! पुस्तक निघालं तोवर लेक दोन मुलांची आई झाली होती. माहेरपणाला आली तेव्हा तिनं ते वाचून काढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाईंनी हे सगळं तुले त्याच दिवशी सांगतलं होतं?"

मी कणीक मळत होते. "हो," म्हटलं.

"अन् मले इतकी वर्षं वाटून राह्यलं," ती म्हणाली, "का मीच भित्री आहो."